माझ्याआधी इंजिनाला हळद

आमच्या घरात दोन वस्तू बरीच वर्षं पडून आहेत, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. एक मी आणि दुसरी दारातली गाडी. त्या वर्षी मला पेठ वडगावचं स्थळ आलं आणि ठरलंही. गाडीला मात्र भंगारवाल्याशिवाय कुणी विचारत नव्हतं, आणि तोही फाटकाशी आला की आबा त्याचा असा उद्धार करायचे की पुढं बरेच दिवस तो आमच्या गल्लीतून तोंड मिटून गाडा ढकलत जायचा.

आबा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये ते फिटर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका साखर कारखान्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यात त्यांनी ही घेतली. गोल दिव्यांची, पेट्रोलवर चालणारी, म्हणजे चालली तर. घेतल्याबरोबर आम्ही तिच्यातून पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाच्या चढाला ती अशी उकळली की आबांनी आमचं प्यायचं पाणी सगळं तिला पाजलं आणि मग त्यांची नजर ताकाच्या किटलीकडं गेली. आईनं किटली पदराखाली घेतली, तडक रस्त्याच्या पलीकडं गेली आणि एसटीला हात करून उभी राहिली. गाडी एका ट्रकच्या मागं दोरानं बांधून घरी आली. "आत काय हाय ते बघूया तरी," म्हणून आबांनी इंजिन खोललं, आणि ते बघणं काही वर्षं चाललं.

खोललेलं इंजिन घरभर पसरलं. कार्बोरेटर देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, व्हॉल्व्ह कपबशांच्या मागं, पिस्टन आबांच्या उशाशी. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं लांबट झाकण, माझ्या कॉटखाली. पाव्हणे आले की अंथरुणं काढताना एखादा बोल्ट टणकन फरशीवर पडायचा आणि आई म्हणायची, "घाबरू नगासा, आमच्या ह्यांचं खेळणं हाय."

पुढं मंदी आली आणि आबांचं शॉप बंद पडलं. तरी ते सकाळी ठरल्या वेळेला अंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशाला पेन लावायचे आणि पायरीवर येऊन बसायचे. कुठं जायचं नसायचं. दुपारी शर्ट काढून खुंटीला लावायचे, दुसऱ्या दिवशी परत तोच कार्यक्रम. आबांची भीती मला कधीच वाटली नव्हती, पण त्या दिवसांत आबांबद्दल भीती वाटायला लागली. आई रडणाऱ्यातली नव्हती, ती चिडणाऱ्यातली. तिनं सगळा राग त्या गाडीवर काढला.

माझं लग्न दारात मांडव घालून करायचं ठरलं होतं. मांडवाला जागा एकच, आणि तिथं गाडी. तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच माझी तारीख होती. आईनं फर्मान काढलं, "मांडवाचं बांबू यायच्या दिवशी ही गाडी आपल्या चाकानं फाटकाभाईर गेली तर ठीक. न्हाईतर भंगारवाल्याला मीच हाक मारणार."

आबा शांतपणे म्हणाले, "गाडी जाणार. आणि पोरगी तिच्यातनंच सासरी जाणार."

आई हसली. ते हसणं ऐकून मीच चवताळले आणि म्हणाले, "आबा, मी येतो तुमच्या हाताखाली." आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात, आणि पुण्याकडच्या लोकांना वाटतं आम्हाला कळत नाही. कळतं. आवडतं म्हणून बोलतो.

आता कुणालाही वाटेल की गाडी चालू करायची म्हणजे इंजिन जोडायचं आणि किल्ली फिरवायची. तसं असतं तर ते आबा कसले! त्यांचं म्हणणं, एवढी वर्षं खोललेलं इंजिन तसंच काळंकुट्ट जोडायचं म्हणजे नवरीला न न्हाऊ घालता बोहल्यावर चढवायचं. त्यातून उद्यमनगरात तेव्हा पावडर कोटिंगवाले नवे नवे झाले होते. खिडकीची ग्रील, पंख्याच्या जाळ्या, सायकलचे कॅरियर तिथून असे चकचकीत होऊन यायचे की लोक नुसते हात फिरवायला उभे राहायचे. ब्रशनं लावायचा ओला रंग नाही, कोरडी भुकटी. वस्तूला वीज जोडायची, बंदुकीनं भुकटी उडवायची, ती चिकटते, मग भट्टीत भाजायची. आबा म्हणाले, "साधा रंग म्हंजे तोंडाला पावडर. आणि पावडर कोटिंग म्हंजे भाजल्याली वीट. पाऊस येऊंदे, न्हाईतर पेट्रोल सांडूंदे, निघायचं नाव न्हाय."

कोटिंगवाला आबांच्या ओळखीचा होता, पण त्यानं आमची पोती उघडून आत बघितलं आणि नाकाला रुमाल लावला. "पावणं, ह्ये ग्रीस माझ्या टाकीत गेलं तर टाकी नासंल. घरी घासून आणा. लोखंड पांढरं दिसलं पायजे. आणि घासून झाल्यावर उघड्या हातानं शिवायचं न्हाय. माणसाच्या बोटाला तेल असतंय, तेवढ्यानंबी भुकटी बसत न्हाय."

झालं. लग्न ठरलेल्या मुली चेहऱ्याला बेसन-साय लावत होत्या त्या काळात मी घरामागच्या परड्यात बसून रॉकेलनं फॅनची पुली घासत होते.

आधी स्क्रूड्रायव्हरनं खरवडायचं. ग्रीस, धूळ आणि साखर कारखान्याची मळी यांचा जो थर होता त्याला बाहेरून रॉकेल लागतच नव्हतं. स्क्रूड्रायव्हर पुरेना तेव्हा मी आईचं उलथनं घेतलं. मग रॉकेल आणि जुना टूथब्रश. मग जुना रंग काढायला कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी. टॅपेट कव्हर ओतीव अल्युमिनियमचं, आमच्या भाषेत जर्मनचं. जर्मनला सोडा खातो, म्हणून ते सोड्यात घालायचं नाही, हे आबांनी मला बजावून बजावून सांगितलं. सोडा जर्मनच्या पातेल्यात कालवायचा नाही, हे सांगायचं राहिलं.

हाताशी आईचं भाताचं मोठं पातेलं होतं. मी त्यात सोडा ओतला, वरून गरम पाणी ओतलं आणि लोखंडी ब्रॅकेट सोडले. थोड्या वेळानं पातेलं कढायला लागलं. खाली जाळ नव्हता, तरी. काळा फेस काठावरून उतू आला आणि असा वास सुटला की शेजारच्या म्हशीनं दावं ताणलं. आबा धावत आले, त्यांनी लांब काठीनं पातेलं उलटं केलं. ब्रॅकेटचा रंग अगदी सुरेख निघाला होता. पातेल्याच्या बुडातून मात्र आभाळ दिसत होतं. आईला ते पातेलं तिच्या आईनं दिलेलं होतं. ती मला म्हणाली, "बरं झालं सासरी चाललीस." त्यातला राग मला कळला. त्यातलं बाकीचं कळायला वेळ लागला.

याच दिवसांत एकदा होणाऱ्या सासूबाई न कळवता आल्या. ब्लाऊजचं माप न्यायचं होतं त्यांना. आई त्यांना सरळ परड्यात घेऊन आली, कारण घरात शोधून मी सापडले नव्हते. माझ्या कोपरापर्यंत काळं, डोक्याला आबांचा टॉवेल, मांडीवर टॅपेट कव्हर आणि हातात पॉलिश पेपर. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मला बघायची छाती झाली नाही.

"काय करालाईस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"झाकण घासतोय," मी म्हणाले.

त्यांनी ते झाकण नीट बघितलं, माझे हात बघितले आणि आईकडं वळून दिलासा दिल्यासारखं म्हणाल्या, "आमच्याकडं भांड्याला बाई हाय हो."

जुन्या ओतीव वस्तूची एक खोड असते, ती आम्हाला तेव्हा कळली. वरून कितीही घासली तरी तिच्या अंगात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. भट्टीत तापली की ते घामासारखं बाहेर येतं आणि वरच्या रंगाला फोड येतात. म्हणून आधी एकदा नुसतीच भाजून, घाम काढून, परत पुसून आणा, असं कोटिंगवाल्यानं सांगितलं. आमच्या घरात भट्टी कुठली? पण कोल्हापुरात दिवाळी जवळ आली की बायका नानकटाईचं पीठ डब्यात घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावतात. आबांचं डोकं तिकडं चाललं. "नानकटाई भाजत्यात, मग झाकण का न्हाय भाजायचं?"

आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला भला माणूस. त्याचं आबांपुढं काही चालायचं नाही, कारण त्याचं पीठ मळायचं मशीन आबाच दुरुस्त करायचे. टोस्टचा घाणा निघाल्यावर भट्टी निवत होती, तेवढ्यात आम्ही टॅपेट कव्हर नानकटाईच्या पत्र्यावर ठेवून आत सारलं. बेकरीवाल्यानं विचारलं, "किती भाजू?" आबा म्हणाले, "बदामी हुस्तोवर." दोघंही खो खो हसले. मग झाकणाला घाम फुटला. निळा धूर भट्टीच्या तोंडातून निघाला आणि शांतपणे दुकानभर पसरला, पावावर, खारीवर, काचेच्या बरणीतल्या बिस्किटांवर.

दुसऱ्या दिवशी गल्लीत ज्यानं त्यानं चहात टोस्ट बुडवला आणि थांबला. आईनंही बुडवला. तोंडात घास तसाच धरून तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्या टोस्टला तुझ्या बाचा वास येतोय," ती म्हणाली.

तरी झाकण झालं मात्र सुंदर. परत एकदा घासून, साबणाच्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून आम्ही सगळा माल माजघरात एका धुवट धोतरावर मांडला. भोकांच्या आट्यांत भुकटी जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात जुना बोल्ट बसवला होता. टॅपेट कव्हर, पुली, पंख्याची पाती, ब्रॅकेट, एअर फिल्टरचा डबा, सगळं पांढरंशुभ्र. मी हातात आबांचे मोजे घालून ते मांडलं आणि घरात जाहीर केलं की आता याला जो कुणी बोट लावेल त्याचं बोट राहणार नाही. त्या वेळी माझा स्वभाव असाच होता. आताही आहे, पण आता लोकांना सवय झालीय.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या एकूण एक लोखंडाची पूजा होते. विळी, कोयता, खुरपं, शिलाई मशीन, मिक्सर, सायकल, आबांचे पाने. आई तेलाचं निरांजन लावते, हळदीत बोट बुडवते, कुंकवात बुडवते आणि ओळीनं सगळ्यांच्या कपाळाला लावत जाते. मिक्सरला कपाळ कुठं असतं हे तिलाच ठाऊक. गाडीला मात्र तिनं कधी बोट लावलं नव्हतं. दरवर्षी आबा म्हणायचे, "तिलाबी लाव की गं." दरवर्षी आई म्हणायची, "चालत्याची पूजा करत्यात. पडून ऱ्हायल्याल्याची न्हाय." आबा मग स्वतःच बॉनेटवर झेंडूचं एक फूल ठेवून यायचे.

त्या वर्षी आबांनी विचारलंसुद्धा नाही. ते आणि मी सकाळीच बोल्ट आणायला बाहेर पडलो होतो. परत आलो तेव्हा पूजा आटोपली होती आणि आई पुरणात होती. दसरा झाल्यावर आम्ही माल धोतरात गुंडाळून कोटिंगवाल्याकडं पोचवला.

रंग निवडायची आमची ऐपत नव्हती, म्हणजे त्यानं तशी मुभाच दिली नव्हती. बंदुकीत जो रंग चालू असेल तो मिळणार. त्या आठवड्यात त्याच्याकडं कुठल्याशा दवाखान्याच्या कॉटा आल्या होत्या. त्यामुळं आमचं इंजिन फिकट आकाशी झालं. आबांना आधी धक्का बसला. मग पुलीवर त्यांनी हात फिरवला आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. खरंच, काय झालं होतं ते! दह्यावरच्या सायीसारखं गुळगुळीत.

शेवटी कोटिंगवाल्यानं टॅपेट कव्हर पुढं केलं आणि मान हलवली. बरोबर मधोमध रुपयाएवढा एक डाग होता. तिथं भुकटी बसलीच नव्हती. कडेनं रंग आक्रसला होता, बारीक खड्डे पडले होते आणि मध्ये धातू उघडा दिसत होता. "पावणं, तेलाचं बोट लागलंय," तो म्हणाला. "सांगितलं हुतं मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही घरी आलो. दारात पाऊल टाकल्यावर त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "बाळ, मोजं काढून शिवलीस व्हय?" आणि माझा तोल गेला. नखं गेली माझी, हात सोलले, सासूनं मला भांडीवाली ठरवलं, आणि मी शिवीन? मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारी बाहेर येऊन उभे राहिले.

"मी लावलं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

आम्ही दोघं तिकडं वळलो. ती पोळपाटावरून मानही वर करत नव्हती.

"काय लावलंस?" आबांनी विचारलं.

"हळद-कुंकू. खंडेनवमीला. मग आठवलं की शिवायचं न्हाय म्हणून, तवा पदरानं पुसून टाकलं."

निरांजनाच्या तेलाचं बोट, त्यावर हळद, त्यावर कुंकू, आणि वरून पुरणाच्या दिवशीचा पदर. कोटिंग बिघडवायचंच असं एखाद्या शत्रूनं ठरवलं असतं तरी त्याला याहून चांगली रेसिपी सापडली नसती.

आबा उभेच होते. "गाडीला लावलंस?"

"मग कुणाला? दरसाल म्हणत हुता, लाव लाव. लावलं तर ह्ये." पोळी तव्यावर टाकून ती पुढं म्हणाली, "एवढी पांढरी करून मांडलीया दोघांनी. चालंल असं वाटलं, म्हणून लावलं."

मला खरं तर तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण माझा राग अजून उतरला नव्हता. मी म्हणाले, आपण हे परत खरवडू, परत भाजू, परत नेऊ, दिवाळीनंतर तो परत मारून देईल. आबांनी झाकण माझ्या हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊंदे."

"राहू दे म्हणजे? डाग दिसतोय केवढा!"

"कुंकू पुसायचं नसतंय."

"आबा, गाडी काय सवाष्ण हाय?"

"हाय की," ते म्हणाले. "मालक जिता हाय तिचा."

आईच्या हातातलं उलथनं थांबलं. ती हसतेय की रडतेय ते मला पाठीमागून कळेना. मी रागारागानं मोरीवर जाऊन हात धुतले आणि मग मलाच रडू आलं. त्या घरातून आपण जाणार आहोत, हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. साखरपुड्यात कळलं नव्हतं, साड्या घेताना कळलं नव्हतं.

त्यानंतर दिवाळी कधी आली आणि कधी गेली, कुणाला पत्ता नाही. आबा आणि मी इंजिन जोडत होतो. पिस्टन उशाशेजारून उठले, व्हॉल्व्ह कपबशांमागून निघाले. मी गॅस्केटला हात लावायला लागले, टायमिंगची खूण धरायला लागले. प्लगच्या वायरींचा क्रम मला झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता. रुखवतासाठी क्रोशाचा रुमाल विणायचा होता, तो आत्यानं विणला आणि माझ्या नावावर खपवला.

मांडवाचे बांबू ठरल्या दिवशी आले. बांबूवाले फाटकाशी बिडी ओढत बसले. थोड्या वेळानं भंगारवालाही आपला गाडा घेऊन आला, कारण आईनं खरोखरच त्याला निरोप धाडला होता. ती शब्दाची पक्की. आबांनी अंघोळ केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं. ते सीटवर बसले. मी बॉनेटपाशी. सगळी गल्ली कठड्यांवर.

किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. परत फिरवली, परत कण्हलं. भंगारवाल्यानं गाडा जरा पुढं ओढला. आबा किल्लीवर हात ठेवून माझ्याकडं बघत होते. त्या नजरेनं मी घाबरले. ही चालू झाली नाही तर हा माणूस उद्यापासून पायरीवरही येऊन बसणार नाही, असं मला वाटलं. मी ओरडले, "बघताय काय सगळे? ढकला की!"

आणि कोल्हापूरकरांना ढकलायला सांगायला लागत नाही. बांबूवाले उठले, बेकरीवाला आला, शेजारी आले. गाडी फाटकाबाहेर गेली, गल्लीच्या उताराला लागली, एक गचका बसला आणि इंजिनानं असा आवाज काढला की कठड्यावरची पोरं पळाली. काळा धूर, मग निळा, मग नुसताच एकसारखा आवाज. गाडी चालू झाली होती. ढकलणाऱ्यांत भंगारवालाही होता, आणि सगळ्यात मोठ्यांदा तोच ओरडत होता.

लग्न लागलं. त्याचं मी काय सांगू, सगळ्यांचं लागतं तसंच लागलं. खरा वाद पाठवणीला झाला. आबा शर्टाच्या बाह्या सारून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, तेव्हा आईनं दार धरलं. "बाप कुठं पोरीला पोचवायला जातोय व्हय? लोक काय म्हणतील?"

"बाप म्हणून कोण चाललंय?" आबा म्हणाले. "मी ड्रायव्हर म्हणून चाललोय. दुसऱ्याच्या हातात ही गाडी चालायची न्हाय."

यावर मोठ्या माणसांची चर्चा झाली आणि ड्रायव्हरला हरकत नाही असं ठरलं. आई मला धरून रडली. मी गाडीत बसल्यावर ती खिडकीशी वाकून आबांना म्हणाली, "सावकाश न्या." आबांनी ते फारच मनावर घेतलं. पंचगंगेच्या पुलावर आमच्या पुढून उसाची बैलगाडी गेली. शिरोलीच्या नाक्यावर सायकलवाले गेले. वऱ्हाडाची जीप पुढं जाऊन आमची वाट बघून परत मागं आली, काही झालं का बघायला. माझा नवरा भिडस्त माणूस. त्यानं शेवटी विचारलं, "मामा, गाडी जरा जोरात जाईल काय?" आबा म्हणाले, "जाईल की. इंजिन नवं हाय, आत्ताच ताण द्यायचा नसतो." वाठारच्या फाट्याला वळताना त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि लगेच रस्त्याकडं बघितलं.

वडगावात मी माप ओलांडलं तेव्हा ते बघायला बायका सोडून कुणी नव्हतं. सगळे पुरुष बॉनेट उघडून इंजिनभोवती जमले होते. "दवाखान्यातनं आणलंय काय हो इंजिन?" असं कुणी तरी म्हणालं आणि हशा पिकला. आबाही हसत होते आणि एकेक भाग दाखवत होते. मुलीच्या घरी बाप जेवत नाही, पण ड्रायव्हर जेवतो. त्यामुळं आबा बाहेर ड्रायव्हरांच्या पंगतीत बसले आणि त्यांनी बासुंदी मागून घेतली.

दिवेलागणीला निघायची वेळ झाली. आबा सगळ्यांना नमस्कार करून गाडीत बसले. किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतंच फिरायला लागलं. पकडेना. परत फिरवली. बाहेर पुरुषमंडळी गोळा झाली, जो तो आपापला सल्ला द्यायला लागला. ढकलून बघितली, तरी नाही. आबा उतरले, बॉनेट वर करून आत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. सासूबाई उंबऱ्यात येऊन हळहळल्या, "अगं बाई, आता कसं?"

मी शालू सावरत गेले. सासरच्यांना वाटलं, वडलांचा निरोप घ्यायला चाललीय. मी आबांच्या शेजारी वाकले. सगळं आकाशी, स्वच्छ, जिथल्या तिथं. फक्त कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरला जाणारी मधली वायर नव्हती. तुटलेली नव्हती, सैल नव्हती. नव्हतीच. तिच्यावाचून जगातली कुठलीही गाडी चालू होत नाही, हे आबांनीच मला शिकवलं होतं.

मी त्यांच्याकडं बघितलं. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी, वायरीचं काळं टोक वर आलं होतं. ज्या गाडीपायी आम्ही पातेलं जाळलं, गल्लीचे टोस्ट नासवले, ती त्यांनी स्वतःच्या हातानं बंद पाडली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते नसलेली वायर शोधत राहिले.

मी बॉनेट हळूच खाली घेतलं आणि सासूबाईंकडं वळले. "फॉल्ट मोठा हाय," मी म्हणाले. "आज काय व्हायचं न्हाय. ड्रायव्हरला राहायला लागंल."

त्या घरात मी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते धादांत खोटं होतं.